परदेशातील मिशन ट्रिपची तयारी: आधी घर, मग यजमान मंडळी, तिकीट त्यानंतर

ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, परदेशी मिशन ट्रिपला (सेवा आणि सुवार्तेसाठीच्या प्रवासाला) जाणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. स्वस्त मिळाले म्हणून विमानाचे तिकीट आधी काढले जाते, पासपोर्टची मुदत त्यानंतर पाहिली जाते, लसीची आठवण शेवटच्या पंधरवड्यात होते आणि मुलांच्या शाळेचे, आजींच्या औषधांचे, गॅस सिलिंडरचे काय करायचे हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्री पुढे येतो. प्रार्थना झालेली असते, मंडळीने निरोपही दिलेला असतो. पण घरी मागे राहणाऱ्या माणसाच्या हातात काहीच नसते. हा क्रम सुलटा करावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

येथील सर्व उदाहरणे एका ठरावीक प्रवासाची आहेत: महाराष्ट्रातील एखाद्या मंडळीचा गट केनियातील किसुमू परिसरातील मंडळीकडे सुमारे दोन आठवड्यांसाठी जातो, मुलांचे शिबिर, घरभेटी आणि उपासना यांत सहभागी होतो आणि परत येतो. देश दुसरा असेल तर व्हिसा आणि लसींचे तपशील बदलतील. टप्प्यांचा क्रम मात्र तोच ठेवावा.

टप्पा १: घरातील बैठक आणि तारखा (सहा महिने आधी)

पाळकसाहेबांना होकार कळवण्यापूर्वी घरातील सर्व मोठ्या माणसांनी एकत्र बसावे. या बैठकीत "मी जाऊ का?" एवढाच प्रश्न विचारला, तर उत्तर भावनेच्या भरात मिळते आणि पुढे त्याचाच त्रास होतो. त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर घराचा एक सामान्य दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहून काढावा: दूध कोण घेते, डबा कोण भरते, मुलांना व्हॅनपर्यंत कोण सोडते, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी कोण देते, अभ्यास कोण घेते. प्रत्येक कामापुढे सध्या ते करणाऱ्याचे नाव आणि प्रवासाच्या काळात ते करणाऱ्याचे नाव लिहावे. दुसऱ्या रकान्यात जागा रिकाम्या राहत असतील, तर त्या भरल्याशिवाय होकार देऊ नये. नणंद, मावशी किंवा शेजारच्या काकू यांचे नाव त्यांना न विचारता लिहू नये.

यानंतर तारखांचा विचार करावा. येथे एक चूक नेहमी होते. आपल्याकडे शाळांना एप्रिल-मे महिन्यांत मोठी सुट्टी असते, म्हणून गट मे महिना ठरवून मोकळा होतो. केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि त्याची तीन सत्रे असतात. सुट्ट्या साधारणपणे एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर या काळात येतात. मे महिन्यात तेथील मुले वर्गात असतात, त्यामुळे शिबिराला येणार कोण? शिवाय मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ असल्यामुळे गावाकडच्या कच्च्या रस्त्यांवरून घरभेटींना जाणे अवघड होते. मुलांचे शिबिर हेच मुख्य काम असेल, तर ऑगस्ट योग्य ठरतो. मात्र ऑगस्टमध्ये आपल्या मुलांच्या शाळा चालू असतात, चाचणी परीक्षा असतात आणि पावसाळी तापाचेही दिवस असतात. म्हणजे तारीख यजमानांच्या सोयीची आणि भार आपल्या घरावर, असा हा व्यवहार आहे. तो घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा.

मुले लहान असतील तर पती-पत्नींपैकी एकानेच जावे, असे माझे ठाम मत आहे. दोघांनाही जाण्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. पण पहिलीतल्या मुलाला एकाच वेळी आई आणि बाबा दोघांपासून दोन आठवडे दूर ठेवण्याइतके कोणतेही शिबिर निकडीचे नसते.

*तपासा:* दिनक्रमाच्या कागदावरील दुसरा रकाना पूर्ण भरला आहे का? त्यातील प्रत्येकाने स्वतः होकार दिला आहे का?

*इशारा:* पुढचे दोन टप्पे पूर्ण होईपर्यंत तिकीट काढू नये.

टप्पा २: यजमान मंडळीशी लेखी बोलणे (पाच महिने आधी)

व्हॉट्सॲपवर "या, तुमचे स्वागत आहे" असा निरोप आला म्हणजे निमंत्रण आले असे समजू नये. यजमान मंडळीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पत्र मागवावे. त्यात प्रत्येक सदस्याचे पासपोर्टप्रमाणे नाव, येण्याजाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता, करायचे काम आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी असावा. आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल आणि यजमान अँग्लिकन चर्च ऑफ केनियाचे असतील, तर दोन्ही चर्च अँग्लिकन परिवारात असल्यामुळे आपल्या बिशपसाहेबांचे परिचयपत्र तेथील डायोसिसला (धर्मप्रांताला) पाठवणे हा सरळ मार्ग आहे. स्वतंत्र मंडळ्यांनीही आपल्या पाळकांचे आणि पंचांचे पत्र पाठवावे.

काम कोणते करायचे, हे यजमानांनाच विचारावे. आपण कठपुतळ्यांचा खेळ बसवून नेतो आणि तेथे खरी गरज संडे स्कूलच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची असते, असे होऊ शकते. याच पत्रव्यवहारात तीन गोष्टी लेखी विचाराव्यात.

पहिली गोष्ट परवानगीची. केनियात धार्मिक व धर्मादाय कामासाठी स्वतंत्र वर्गाचे परमिट असते आणि थोड्या काळाच्या कामासाठी स्पेशल पास नावाची तरतूद आहे. केवळ भेट देणे, उपासनेला बसणे आणि साक्ष देणे (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणे) वेगळे, तर नियमित शिकवणे किंवा सेवा पुरवणे वेगळे. मोबदला मिळत नाही म्हणून ते काम ठरत नाही, असे गृहीत धरू नये. आपल्या कार्यक्रमाला कोणती परवानगी लागेल, हे यजमानांनी तेथील इमिग्रेशन कार्यालयाला विचारून कळवावे.

दुसरी गोष्ट वैद्यकीय कामाची. गटात डॉक्टर किंवा परिचारिका असल्या की "एक आरोग्य शिबिरही घेऊ" असा विचार लगेच पुढे येतो. भारतातील नोंदणीवर केनियात रुग्ण तपासता येत नाहीत. डॉक्टरांना तेथील वैद्यकीय परिषदेकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, आणि वाटपासाठी औषधे न्यायची असतील तर तेथील औषध नियामकांची परवानगी लागते. हे वेळेत होणार नसेल, तर आरोग्य शिबिर कार्यक्रमातून काढून टाकावे आणि गोळ्यांच्या पेट्या घेऊन निघू नये.

तिसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. यजमान मंडळीचे बालसुरक्षेचे नियम मागवावेत आणि गटातील प्रत्येकाने त्यांवर सही करावी. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबू नये. पालकांच्या व यजमानांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकू नयेत. काही यजमान पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. ते पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते, पण त्यासाठी पोलीस चौकशी होत असल्यामुळे वेळ हाताशी ठेवावा.

टप्पा ३: पासपोर्ट, प्रवेश परवाना आणि नोकरीतील परवानगी (चार महिने आधी)

प्रवासाच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात कोरी पाने असावीत. गटप्रमुखाने "सगळ्यांचे पासपोर्ट आहेत ना?" असे विचारून थांबू नये, प्रत्येकाच्या पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान स्वतः पाहावे. आपल्याकडे नावांचा घोळ फार असतो: आधारवर लग्नानंतरचे नाव, पासपोर्टवर माहेरचे आडनाव, कुठे वडिलांचे नाव मधे, तर कुठे ते गाळलेले. तिकीट, प्रवेश परवाना, लसीचे कार्ड, विमा आणि निमंत्रणपत्र या पाचही ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव त्याच स्पेलिंगने आले पाहिजे. पासपोर्टवरील नाव बदलून घ्यायचे असेल, तर बाकीचे काहीही करण्यापूर्वी ते बदलून घ्यावे.

केनियाने जानेवारी २०२४ पासून जुन्या व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवासी परवाना, म्हणजे ईटीए, सुरू केला आहे. तो केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावा. त्याच्याशी साम्य असलेली अनेक खासगी संकेतस्थळे जादा शुल्क घेतात, आणि गडबडीत असलेला माणूस त्यांतच सापडतो. पासपोर्ट, छायाचित्र, परतीचे तिकीट आणि राहण्याचा पुरावा लागतो. म्हणून ईटीएचा अर्ज तिकिटानंतर, पण निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे करावा. प्रवासाचे कारण खरे लिहावे. मंडळीच्या भेटीला जाताना सफारीला जात असल्याचे लिहिले आणि विमानतळावर बॅगेत शिबिराचे साहित्य निघाले, तर उत्तर देणे कठीण होते.

शासकीय नोकरीत असलेल्यांसाठी येथे एक महत्त्वाची बाब आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. परदेशी जाण्यासाठी कार्यालयाची परवानगी लागते, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु परकीय योगदान नियमन कायदा (एफसीआरए), २०१० याच्या सहाव्या कलमानुसार शासकीय सेवकांना, तसेच शासनाच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्मचाऱ्यांना परदेशात परकीय आदरातिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. यजमान मंडळीने दिलेली मोफत राहण्याची आणि जेवणाची सोय या आदरातिथ्यात मोडू शकते. म्हणून शिक्षक, एसटीतील किंवा महावितरणमधील कर्मचारी यांनी आपल्या कार्यालयाला हा प्रश्न लेखी विचारावा, आणि लागत असेल तर गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वेळेत अर्ज करावा. रजा मंजूर झाली म्हणजे ही परवानगीही मिळाली, असे नसते.

*तपासा:* निमंत्रणपत्र हातात आहे, पासपोर्ट तपासले आहेत, रजा आणि परवानग्यांचा मार्ग स्पष्ट आहे. आता तिकीट काढावे. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात आणि तेथून किसुमूपर्यंत पुढचा प्रवास असतो. नैरोबीत मध्यरात्री उतरून लगेच रस्त्याने निघावे लागेल, अशी वेळ निवडू नये.

टप्पा ४: लस आणि औषधे (दोन ते तीन महिने आधी)

सर्वांत महाग पडणारी चूक पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लशीबाबत होते. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनियात या लशीचे कार्ड मागितले जाईलच असे नाही, म्हणून काहीजण लस टाळतात. अडचण परतताना येते. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश असल्यामुळे तेथून येणाऱ्या आणि वैध प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. घरी मुले वाट पाहत आहेत, सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे, आणि आपण विलगीकरण कक्षात, अशी ती अवस्था असते.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने अधिकृत ठरवलेल्या केंद्रांवरच ती दिली जाते. एका कुपीत अनेक मात्रा असल्यामुळे अनेक केंद्रे ठरावीक वारीच, आधी नोंदणी केलेल्यांना बोलावतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते आयुष्यभर चालते. कार्ड हातात आल्यावर केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी तेथेच उभे राहून ते वाचावे: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांकातील प्रत्येक अंक बरोबर आहे का, तारीख, लशीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का आहे का. यांतील एखादी गोष्ट राहिली, तर तीच विमानतळावर अडवते.

ही जिवंत विषाणूंची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर किंवा लहान बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्या व्यक्तींनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर डॉक्टरांचे पत्र मिळते, परंतु त्यामुळे परतताना विलगीकरण टळेलच याची खात्री नसते. अशा व्यक्तीने या वेळी जाऊ नये, असेच मी सांगेन. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची लसही घ्यायची असेल, तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावी लागते. म्हणून सर्व लसींचे वेळापत्रक एकाच डॉक्टरांकडून करून घ्यावे. विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लशींबाबतही याच भेटीत विचारावे.

मलेरियाचा प्रश्न वेगळा आहे. नैरोबी शहरात धोका कमी असतो, पण व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू भागात तो जास्त आहे, आणि तेथे प्रामुख्याने फाल्सिपेरम हा गंभीर प्रकार आढळतो. "आपल्याकडेही डास असतातच" असे म्हणून प्रतिबंधक गोळ्या टाळू नयेत. गोळी कोणती घ्यायची, हे डॉक्टर ठरवतात, आणि प्रत्येक गोळीचा क्रम वेगळा असतो: डॉक्सीसायक्लीन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यानंतर चार आठवडे घ्यावी लागते, तर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यानंतर सात दिवस. परतल्यानंतरचे हे दिवस मोजूनच गोळ्या विकत घ्याव्यात. घरी आल्यावर गोळ्या थांबवणे, ही सर्रास होणारी चूक आहे.

टप्पा ५: पैशाचे तीन हिशेब (दोन महिने आधी)

प्रवासाचा पैसा, घराचा पैसा आणि मंडळीचा पैसा हे तीन हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

मंडळीच्या पैशाबाबत खजिनदारांनी सनदी लेखापालांचा सल्ला घेतल्याशिवाय एक रुपयाही बाहेर पाठवू नये. धर्मादाय न्यासाचे उत्पन्न भारताबाहेर खर्च केल्यास त्यावरील आयकराच्या सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. म्हणून अनेक मंडळ्यांत जाणारे सदस्य आपला खर्च स्वतः करतात किंवा नातेवाइकांकडून व्यक्तिशः मदत घेतात. तेच सोपे पडते. उलट दिशेनेही सावध राहावे: यजमानांनी प्रेमाने "तुमच्या मंडळीसाठी" म्हणून पाकीट दिले तर ते परकीय योगदान ठरते, आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाही. असे पाकीट नम्रपणे परत करावे, आणि तसे करणार असल्याचे आधीच्या पत्रव्यवहारातच कळवावे म्हणजे तेथे कोणाचे मन दुखावत नाही.

परदेशी चलन बँकेतून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. नोटांच्या स्वरूपात एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंत नेता येतात. बाकी रक्कम फॉरेक्स कार्डवर ठेवावी. नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या मागून घ्याव्यात, कारण जुन्या किंवा डाग पडलेल्या डॉलरच्या नोटा केनियात अनेक ठिकाणी नाकारल्या जातात. तेथील दैनंदिन व्यवहार एम-पेसा या मोबाइल सेवेवर चालतात. गटासाठी एक स्थानिक सिम घेऊन यजमानांच्या मदतीने ती सोय करावी.

प्रवासी विमा घेताना जुने आजार लपवू नयेत आणि आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतराचा खर्च त्यात आहे का, ते पाहावे.

टप्पा ६: घराचा ताबा देणे (सहा आठवडे आधीपासून)

बहुतेक गट हा टप्पा "घरचे बघून घेतील" या तीन शब्दांत संपवतात. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा लागतो.

सुरुवात मोबाइल क्रमांकापासून करावी. आज घराच्या किल्ल्या कुलपापेक्षा ओटीपीमध्ये जास्त असतात. एक साधा प्रसंग पाहा. सिलिंडर संपतो, दुसरा नोंदवला जातो, डिलिव्हरीवाले दादा दाराशी येतात आणि कोड विचारतात. कोड नोंदणीकृत मोबाइलवर गेलेला असतो, आणि तो मोबाइल किसुमूजवळच्या एखाद्या खेड्यात रेंजबाहेर असतो. सिलिंडर परत जातो, संध्याकाळचा स्वयंपाक अडतो आणि घरातली माणसे एकमेकांवर चिडतात. हेच बँकेच्या, शाळेच्या ॲपच्या, वीजबिलाच्या आणि ऑनलाइन औषधांच्या बाबतीत होते. म्हणून जाणाऱ्याच्या क्रमांकाशी जोडलेल्या सेवांची यादी करावी, शक्य त्या सेवांवर मागे राहणाऱ्याचा क्रमांक नोंदवावा, भरलेला एक सिलिंडर जास्तीचा ठेवावा, आणि उरलेल्यांसाठी आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे. बँकेचा ओटीपी फोनवरून कोणालाही सांगावा लागू नये, यासाठी घरखर्चाची रक्कम मागे राहणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात आधीच भरून ठेवावी.

यानंतर घराची वही. ती फोनमध्ये न ठेवता कागदाची करावी, कारण आजींनाही ती वाचता आली पाहिजे. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात: मुलांच्या शाळेच्या वर्गशिक्षिका आणि व्हॅनवाले काका यांचे क्रमांक, घरातील प्रत्येकाचा रक्तगट आणि ॲलर्जी, वयस्कांच्या गोळ्या कोणत्या वेळी व जेवणाआधी की नंतर, जवळचे रुग्णालय, आरोग्य विम्याचे कार्ड कोणत्या खणात आहे, आणि रात्री-अपरात्री धावून येतील अशा दोन शेजाऱ्यांची नावे. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचे प्रमाण वजनावर ठरते. ते बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे. मुलाला शाळेतून न्यायला कोण येणार आहे, याचे पत्र शाळेला देऊन त्याची पोच वहीत लावावी.

मग रंगीत तालीम. निघण्याच्या सुमारे महिनाभर आधी सलग तीन दिवस, त्यांत शाळेचे दोन दिवस तरी असावेत, जाणाऱ्याने घरातील कोणत्याही कामाला हात लावू नये आणि विचारल्याशिवाय सांगूही नये. भाजी खारट झाली, गणवेश ओला राहिला, व्हॅन चुकली, तरी मधे पडू नये. जे जे अडले ते वहीत लिहावे. वहीतील निम्म्या नोंदी खरे तर या तीन दिवसांतच होतात.

मुलांशी बोलताना "मी लगेच येईन" असे सांगू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाण्याची आणि येण्याची तारीख त्यांच्याच हाताने रंगवून घ्यावी. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. भारतात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तेथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. कार्यक्रम आटोपलेला असतो आणि मुले अजून जागी असतात. फोनची हीच वेळ ठरवावी. मात्र खेड्यात नेटवर्क नसण्याची शक्यता असल्यामुळे "रोज" असे वचन देऊ नये. "ज्या दिवशी फोन आला नाही, त्या दिवशी सर्व ठीक आहे असे समजायचे" हा नियम घरात आधीच ठरलेला असावा, आणि खरी अडचण आल्यास गटप्रमुख घरी कळवेल, हेही सांगून ठेवावे.

*इशारा:* प्रवासाच्या काळात घरात रंगकाम, दुरुस्ती, घर बदलणे किंवा पुढे ढकलता येणारी शस्त्रक्रिया ठेवू नये.

टप्पा ७: गटाची तयारी (दोन महिने आधीपासून, दर आठवड्याला)

गटाच्या बैठका रविवारच्या उपासनेनंतर लगेच घ्याव्यात. त्यासाठी आठवड्यातील आणखी एक संध्याकाळ घरापासून तोडू नये.

प्रत्येकाने आपली साक्ष लिहून काढावी आणि दुभाषाबरोबर बोलण्याचा सराव करावा. केनियात इंग्रजी बऱ्याच ठिकाणी चालते, परंतु किसुमूच्या आसपास खेड्यांत लुओ भाषा बोलली जाते आणि स्वाहिलीही वापरतात. दुभाषा असला की वेळ दुप्पट लागतो: दहा मिनिटांच्या संदेशाला वीस मिनिटे जातात. एक पूर्ण, छोटे वाक्य बोलून थांबावे. पवित्र शास्त्रातील संदर्भ दुभाषाला आदल्या दिवशीच द्यावेत. मराठी भजन अवश्य गावे, तेथील लोक ते मनापासून ऐकतात आणि ठेकाही धरतात. मात्र त्याचा अर्थ आधी दोन वाक्यांत सांगावा. "ब्वाना असिफिवे", म्हणजे प्रभूची स्तुती असो, या अभिवादनाला "आमेन" म्हणून उत्तर द्यायचे असते. एवढे आणि "असांते साना", म्हणजे पुष्कळ आभार, हे शब्द सर्वांच्या तोंडी बसावेत. उपासना लांब चालते. घड्याळ पाहू नये.

एक नियम बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा: कोणालाही शाळेची फी, मोबाइल, नोकरी किंवा भारतात उपचार यांचे आश्वासन द्यायचे नाही. एखाद्या घरात मन भरून येते आणि शब्द निघून जातो. तो पाळण्याची जबाबदारी नंतर यजमान पाळकांवर पडते. मदत करावीशी वाटली, तर ती गटप्रमुखाला सांगावी आणि यजमान मंडळीशी बोलूनच ठरवावी.

टप्पा ८: सामान (दोन आठवडे आधी)

आपल्याकडे कपडे, चपला, लोणच्याची बरणी, सर्व काही कॅरीबॅगमध्ये गुंडाळून बॅगेत जाते. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. कापडी पिशव्याच वापराव्यात, आणि विमानतळावर खरेदी करताना मिळालेली प्लॅस्टिकची पिशवीही सोबत नेऊ नये.

मलेरियाचे डास संध्याकाळ ते पहाट चावतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायमोजे आणि डीईईटी हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम ठेवावे. ऑगस्टमध्ये नैरोबीत चांगलाच गारवा असतो, त्यामुळे एक स्वेटर हाताशी असावा. तेथील विजेची खोबण ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची असते. तिला साजेसा ॲडॉप्टर न्यावा. ड्रोन नेऊ नये. रोजची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत असावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे. जेवणाची फार काळजी नको: उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी ही पालेभाजी तर असतेच, शिवाय चपाती आणि दुधाचा चहा तेथेही घरोघरी असतो.

टप्पा ९: शेवटचे तीन दिवस

या दिवसांत नवीन काहीही सुरू करू नये. पासपोर्ट, ईटीए, लसीचे कार्ड, विमा आणि निमंत्रणपत्र यांच्या प्रतींचे तीन संच करावेत: एक घरच्या वहीत, एक गटप्रमुखाकडे आणि एक स्वतःकडे, पण मूळ कागदांपासून वेगळ्या बॅगेत. नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालयाचा पत्ता व दूरध्वनी तिन्ही संचांवर लिहावा. मंडळीचा निरोपसमारंभ आदल्या रविवारी उरकावा, म्हणजे निघण्याची संध्याकाळ घरच्यांसाठी मोकळी राहते. विमानतळावर सोडायला मुलांना न्यायचे की नाही, हे त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या शाळेवरून ठरवावे.

टप्पा १०: परतल्यावर

पहिला आठवडा घराचा असतो. ज्याने दोन आठवडे घर सांभाळले, त्याच्याकडून कामे परत घ्यावीत, वहीतील नोंदी एकत्र वाचाव्यात आणि मंडळीत साक्ष देण्याची तारीख दुसऱ्या रविवारनंतरची मागावी. पाळकसाहेबांनी लगेच आग्रह केला, तरी हे नम्रपणे सांगावे.

हिशेब पावत्यांसह खजिनदारांकडे द्यावा. २,००० डॉलरपेक्षा जास्त परदेशी चलन उरले असेल, तर वरची रक्कम १८० दिवसांच्या आत बँकेत परत करावी लागते.

मलेरियाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत घेत राहाव्यात. त्या दिवसाची खूणही त्याच कॅलेंडरवर करावी. परतल्यानंतर काही महिन्यांपर्यंत ताप, थंडी किंवा तीव्र डोकेदुखी जाणवली, तर पावसाळी ताप समजून घरी क्रोसिन घेऊन बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, "मी केनियात व्हिक्टोरिया सरोवराजवळ राहून आलो आहे" किंवा "आले आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि मलेरियाची रक्ततपासणी मागून घ्यावी. हे वाक्य घरच्यांनाही माहीत असावे, कारण ताप चढलेल्या माणसाला ते स्वतः सांगता येईलच असे नाही.